दुसऱ्याच्या चुकीची कबुली

संध्याकाळचे सहा वाजले की दादा बहिणीच्या दारात हजर. तीन वर्षांत हा नेम चार-दोन वेळा चुकला असेल, तोही अंगात ताप होता म्हणून. बहीण दार उघडायची, "आलास?" एवढंच विचारायची आणि परत शेगडीकडे वळायची. भावोजी खिडकीपाशी खुर्चीत बसलेले असायचे. जिन्यावरच्या पावलांवरून त्यांनी दादांना केव्हाच ओळखलेलं असायचं.

"दादा, आज डावा बूट फरफटतोय. गुडघ्यानं पुन्हा तोंड उघडलं वाटतं," असं काहीतरी ते म्हणायचे, आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं.

मग दादा बायबलमधला एक अध्याय मोठ्यानं वाचायचे. वाचून झालं की भावोजी हात जोडून प्रार्थना करायचे. ती प्रार्थना दादांना तोंडपाठ झाली होती. आधी दिवसाबद्दल आभार, मग बायकोच्या पाठदुखीसाठी मागणं, मग चर्चच्या मंडळीतले आजारी लोक. आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, "प्रभू, त्या दिवशी माझ्या हातून जो निष्काळजीपणा झाला त्याची मला क्षमा कर. माझ्यामुळे माझ्या माणसांचे हाल झाले. ते माझ्या माथी ठेवू नकोस."

"आमेन," दादा म्हणायचे.

तो शब्द उच्चारताना ते दरवेळी भावोजींकडे बघायचं टाळायचे. कारण निष्काळजीपणा भावोजींचा नव्हताच. तो दादांचा होता, आणि ही गोष्ट दादांखेरीज कोणा माणसाला ठाऊक नव्हती.

तिघंही एकाच ठिकाणी कामाला होते. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात तिथल्या चादरी, गाऊन, टॉवेल धुण्याचा विभाग होता. बहीण घड्या घालायच्या टेबलावर असायची. दादा आणि भावोजी पलीकडच्या खोलीत बॉयलर सांभाळायचे. दादा सकाळी सहा ते दोन, भावोजी दोन ते दहा. खरं तर भावोजींना ती नोकरी दादांनीच लावली होती आणि बहिणीशी त्यांची गाठही तिथेच पडली होती. बहीण त्यांना दादा म्हणायची म्हणून हळूहळू सगळा विभाग त्यांना दादा म्हणायला लागला. धाकटे, बरोबरीचे, पार निवृत्तीला आलेलेसुद्धा.

बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी एक काचेची उभी नळी असते. आत उकळतं पाणी आणि वाफ, बाहेर माणसाचा चेहरा. म्हणून त्या नळीवर जाड जाळीचं झाकण बसवलेलं असतं. त्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला काच धुरकट झालेली दिसली, म्हणून दादांनी झाकण काढलं आणि काच पुसून घेतली. तेवढ्यात इस्त्रीच्या यंत्राकडून हाक आली की वाफ गळतेय. झाकण आणि त्याचे दोन स्क्रू हत्यारांच्या कपाटावर ठेवून दादा तिकडे गेले. परत आले तेव्हा दोन वाजत आले होते, आणि वर दुसऱ्या मजल्यावर त्यांची बायको पडून होती. तिच्या पोटातली गाठ वाढत चालली होती. तिला भेटण्याची वेळ दोन ते तीन एवढीच होती. दादा शर्ट बदलायला मागच्या बाजूला गेले. झाकण त्यांच्या डोक्यातून साफ निघून गेलं.

भावोजी आले, स्टूलवर बसले, पाण्याची पातळी बघायला पुढे वाकले, आणि काच फुटली.

दादा धावत आले. वाफेत हात घालून त्यांनी नळीच्या दोन्ही तोट्या बंद केल्या, भावोजींना ओढून बाजूला घेतलं. दादांच्या मनगटावरचे डाग अजून आहेत. पडताना भावोजींचं डोकं फरशीवर आपटलं होतं. ते शुद्धीवर नव्हते. रुग्णालयच ते, स्ट्रेचर यायला तीन मिनिटंही लागली नाहीत. लोकांची धावपळ चालली असताना दादांची नजर कपाटावर गेली. झाकण तिथेच होतं, दोन स्क्रू शेजारी मांडलेले. त्या क्षणी त्यांना बायको दिसली. नोकरी गेली तर तिचे उपचार गेले. त्यांनी झाकण उचललं आणि भावोजींच्या स्टूलपाशी जमिनीवर ठेवलं. स्क्रूही तिथेच टाकले. कोणी पाहिलं नाही.

आठवड्यानं चौकशी झाली. टेबलापलीकडे तीन माणसं होती. मधल्यानं विचारलं, "पाळी सोपवली तेव्हा झाकण जागेवर होतं?"

"होतं," दादा म्हणाले.

एका शब्दात काम झालं. कागदावर लिहिलं गेलं की कामगारानं स्वतःच झाकण काढलं. भावोजींचे दोन्ही डोळे गेले, आणि डोक्याला मार लागल्यामुळे त्या दुपारचा अर्धा तास त्यांच्या आठवणीतून पुसून गेला होता. सगळे म्हणाले, तुम्हीच काढलंत. त्यांनी मान्य केलं. कोणावर तरी विश्वास ठेवायलाच हवा होता, आणि मेहुण्यापेक्षा जवळचं कोण?

दादांची बायको पाच महिन्यांनी गेली. शेवटच्या आठवड्यात तिच्या उशाशी गुडघे टेकून दादांनी देवाला म्हटलं होतं, माझा राग हिच्यावर काढू नकोस. त्यानंतर त्यांनी देवाकडे स्वतःसाठी असं काही मागितलं नाही. मागायला तोंडच उरलं नव्हतं.

लोकांना मात्र वेगळंच दिसायचं. विधुर माणूस, एकटा जीव, पण आंधळ्या मेहुण्याला एक दिवस अंतर देत नाही. मंडळीनं त्यांना वडील, म्हणजे चर्चच्या कारभारातला ज्येष्ठ, म्हणून निवडलं. रविवारी सगळ्यांच्या वतीनं प्रार्थना करायचं काम त्यांच्याकडे आलं. दादा छान प्रार्थना करायचे; शब्द त्यांच्या तोंडून सफाईनं यायचे. उपासना संपली की बायका त्यांना गाठायच्या. "दादा, मुलीच्या बाळंतपणासाठी तुम्ही प्रार्थना करा. तुमचं देव ऐकतो."

दादा मान डोलवायचे. घरी येऊन पलंगाशी गुडघे टेकायचे तेव्हा मात्र एक वाक्य जुळायचं नाही. 'हे बापा' म्हटलं की पुढे अंधार. कधीकधी तासभर तसेच बसायचे. दुसऱ्यांच्या मुली, दुसऱ्यांचे ताप, दुसऱ्यांच्या परीक्षा, सगळं सांगून व्हायचं. मग खोलीत कोणीच ऐकायला नाही असं वाटायला लागायचं. आपण एखाद्या रिकाम्या घराचं दार ठोठावतोय. किंवा आतला माणूस आतच आहे, पण कडी काढत नाहीये. यातलं दुसरं जास्त खरं वाटायचं, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची.

दुसऱ्या वर्षी त्यांनी उपास सुरू केले. आठवड्यातून दोन दिवस फक्त पाणी. बॉयलरच्या उष्णतेत एकदा चक्कर येऊन पडले, तर विभागात बोभाटा झाला की दादा देवासाठी जीव जाळतात. बहिणीनं रागावून सूप पाठवलं. कौतुक त्यांचा पिच्छा सोडत नव्हतं. शिक्षा भोगायला गेले तरी लोक त्याचा सन्मान करून टाकत होते.

एका दुपारी, पाळी संपायला दहा मिनिटं असताना, त्यांनी नळीवरचं झाकण काढलं आणि बाजूला ठेवलं. मग चेहरा काचेसमोर नेला. इतका जवळ, की काचेची धग पापण्यांना लागली. आतलं पाणी मंद हलत होतं. ते थांबले. फुटू दे, असं त्यांनी मनात म्हटलं. डोळ्याला डोळा, हिशेब मिटेल, कोणाला काही सांगावं लागणार नाही. गालाची कातडी तापून हुळहुळायला लागली. काच फुटली नाही. बाहेर घंटा झाली, बायका हसत-बोलत डबे आवरायला लागल्या, आणि दादांच्या लक्षात आलं की आपण देवाशी घासाघीस करतोय. डोळे देतो, पण जीभ मागू नकोस, असा सौदा. त्यांनी झाकण परत बसवलं. पिळताना एक स्क्रू तीनदा हातातून निसटला.

त्यांना स्वतःची किळस आली. तरीही सहा वाजता ते बहिणीच्या दारात हजर होते.

त्याच महिन्यात भावोजी खचायला लागले. आधी त्यांनी विनोद करणं सोडलं. मग रेडिओ लावणं सोडलं. पांढरी काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जायचे, तेही बंद केलं. बहीण दाराशी येऊन कुजबुजली, "जेवत नाहीत धड. विचारलं तर म्हणतात भूक नाही. दादा, तूच काही बोल त्यांच्याशी. तुझं ऐकतात."

त्या संध्याकाळी बहीण वरच्या मजल्यावरच्या बाईकडे औषध द्यायला गेली होती. वाचन झालं. दादा भावोजींच्या प्रार्थनेची वाट बघत राहिले, पण भावोजींनी हात जोडलेच नाहीत.

"दादा, एक विचारू?"

"विचारा ना, भावोजी."

"तीन वर्षं मी एकाच गोष्टीची क्षमा मागतोय. मला ती मिळाल्यासारखी वाटत नाही. का वाटत नाही त्याचा मी विचार केला." त्यांची बोटं खुर्चीच्या हातावरून पुढे-मागे फिरत होती. "मला ते आठवतच नाही. झाकण मी कशाला काढलं? मला घाई होती का? की मी कोणावर चिडलेलो होतो? मला काही म्हणजे काही आठवत नाही. माणूस न आठवणाऱ्या पापाची कबुली देणार तरी कशी? वरवरची होत असेल ती. म्हणून देवापर्यंत पोचत नसेल."

"असं नसतं, भावोजी," दादा कसंबसं म्हणाले.

"मग कसं असतं? तुम्ही तिथे होतात. आत आल्यावर मी काय केलं ते तुम्ही बघितलं असेल. अगदी बारीकसारीक सांगा मला. मी स्क्रू कोणत्या हातानं काढले, काय बोललो, सगळं. म्हणजे एकदा मला ते डोळ्यांपुढे आणता येईल. मग मी नीट कबूल करीन." त्यांनी चेहरा दादांच्या दिशेनं वळवला. "एवढं करा माझ्यासाठी. माझा जीव गुदमरतोय, दादा."

दादांच्या हातातलं पुस्तक मिटलं गेलं. त्यांना वाटलं, आता सांगावं. तोंड उघडलंही. पण जे बाहेर आलं ते हे होतं, "मी तेव्हा शर्ट बदलत होतो, भावोजी. मी काही पाहिलं नाही."

हे शब्दशः खरं होतं. आजवरच्या सगळ्या खोट्यांपेक्षा तेच जास्त खोटं होतं.

"बरं," भावोजी म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

दादा जिना उतरले ते घरी गेलेच नाहीत. चालत राहिले. दुकानं उघडी होती, माणसं पिशव्या घेऊन घरी चालली होती, बसथांब्यावर शाळेच्या मुली कशावरून तरी खिदळत होत्या. एवढ्या गर्दीत आपल्याला कोणी हाताला धरून थांबवावं असं त्यांना वाटलं. कोणी थांबवलं नाही. पाय चर्चच्या मागच्या खोलीकडे वळले, कारण तिथे दिवा दिसला.

मंडळीची उपासना चालवणाऱ्या पाळकबाई टेबलावर गीतांची फाटकी पुस्तकं पसरून त्यांच्या पाठी चिकटवत बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, आडव्या बांध्याच्या, आधी शाळेत गणित शिकवलेल्या. त्यांच्यासमोर कोणी उगाच पाल्हाळ लावत नसे.

"बसा दादा. तो गठ्ठा खाली ठेवा. तोंड का असं उतरलंय?"

दादांनी गठ्ठा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. क्रम चुकला, मधेच बायकोचं आजारपण आलं, मग परत झाकण आलं. सांगून झालं तेव्हा पाळकबाईंच्या हातातलं पुस्तक बोटांना चिकटलं होतं. ते त्यांनी हळूच सोडवलं.

"हे तुम्ही मला का सांगताय?"

"तुम्ही पाळक आहात. मला क्षमा..." दादांना पुढे बोलवेना. "माझ्यासाठी प्रार्थना करा. मला प्रार्थना करता येत नाही. तीन वर्षं झाली."

"करू की. पण उठल्यावर तुम्हाला बहिणीकडे जावं लागेल, हे ध्यानात घेऊन गुडघे टेका."

"आज नको, बाई. रविवार होऊ दे. मी जरा मनाची तयारी..."

"तीन वर्षं तयारीच चाललीय ना?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यात दयामायाही नव्हती. "दादा, देव रविवारपर्यंत थांबेल. देवाला घाई नसते. तुमचे भावोजी थांबतील का, ते मला सांगा. जेवण सोडलंय म्हणालात. न केलेल्या पापाखाली माणूस मरायला टेकलाय, आणि ते पाप तुमच्या खिशात आहे."

दादा दोन्ही हातांत डोकं धरून बसले. "बहीण माझं तोंड बघणार नाही."

"नाही बघणार. असंही होईल." पाळकबाई उठल्या, त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. "ते गोड होईल असं मी म्हणतच नाहीये. क्षमा मिळेल म्हणून जाऊ नका. त्यांचं आहे ते त्यांना परत द्यायला जा. क्षमा द्यायची की नाही, ते त्यांचं ते बघतील."

मग त्या दोघांनी प्रार्थना केली. म्हणजे पाळकबाईंनी केली, तीही दोन-तीन वाक्यांचीच: याला पाय दे, याला जीभ दे, आणि त्या घराला सांभाळ. उठताना दादांना पाळकबाईंनी दंडाला धरून उठवलं.

त्याच संध्याकाळी दादा दुसऱ्यांदा दारात आलेले बघून बहिणीनं विचारलं, "काही विसरलास का?"

"बस," दादा म्हणाले. "दोघंही ऐका."

या वेळी क्रम चुकला नाही. काच पुसली, हाक आली, झाकण कपाटावर ठेवलं, विसरलो. काच फुटल्यावर मी ते उचलून तुमच्या स्टूलपाशी ठेवलं. चौकशीत 'होतं' म्हणालो. सांगताना ते भिंतीकडे बघत होते. संपलं तेव्हा शेगडीवर काहीतरी करपायला लागलं होतं, आणि ते बंद करायला कोणी उठलं नाही.

"म्हणजे मी काढलं नव्हतं," भावोजी म्हणाले.

"नाही."

"मी काढलंच नव्हतं." त्यांनी ते पुन्हा म्हटलं, एखादा दागिना हातात घेऊन वजन बघावं तसं. मग तिसऱ्यांदा. आणि मग ते रडायला लागले. काचेनं डोळे नेले होते, पण पाणी यायची जागा शाबूत होती. आवाज न करता, खांदे हलवत ते रडत राहिले, आणि दादांना कळेना की हे दुःख आहे की सुटका.

बहीण उठली. तिनं आधी शेगडी बंद केली. मग भावासमोर येऊन उभी राहिली.

"पहिल्या वर्षी मी यांना काय काय बोलले, तुला माहीत आहे? तू वाचून गेलास की मागे. तुम्ही धड लक्ष दिलं असतं तर आज ही वेळ आली नसती, असं मी म्हणाले. तुमच्या एका चुकीनं माझं आयुष्य आंधळं केलं, म्हणाले. हे ऐकून घ्यायचे. उलट माझी माफी मागायचे." तिचा आवाज फाटला. "मी माफ केलं, असंही म्हटलं एकदा. मोठ्या मनानं. कशाची माफी दिली मी, दादा? सांग ना. मी कोणाला कशाची माफी दिली?"

दादा गुडघ्यांवर यायला लागले तशी ती मागे सरकली.

"ते नको. माझ्या घरात ते नको. जा तू."

"ऐक जरा," भावोजी म्हणाले.

"मी ऐकलंय. तीन वर्षं याचंच वाचन ऐकतेय."

भावोजींनी तोंड पुसलं. "दादा, आज जा तुम्ही," ते शांतपणे म्हणाले. "मलाही आता तुमचा आवाज सहन होत नाहीये."

दुसऱ्या दिवशी दादांनी व्यवस्थापकांच्या टेबलावर लेखी जबाब ठेवला. त्याच दुपारी त्यांना घरी पाठवण्यात आलं. पुढे कामावरून काढल्याचं पत्र आलं, आणि जुन्या चौकशीचा निष्कर्ष बदलल्याचं दुसरं पत्र भावोजींना गेलं. रविवारी प्रार्थनेच्या वेळी दादा पुढे जाऊन उभे राहिले आणि चार वाक्यांत सगळं सांगून वडीलपण सोडलं. मुलीच्या बाळंतपणासाठी प्रार्थना मागणारी बाई मान खाली घालून पर्सची चेन उघडझाप करत राहिली. बाहेर पडताना कोणी त्यांच्याशी बोललं नाही. एक म्हातारा तेवढा पुटपुटला, "गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?" यातून तो दुखावलाय की आपल्याला समजून घेतोय, हे दादांना सांगता आलं नसतं.

त्यानंतरचे आठवडे फार वाईट गेले. दादांना वाटलं होतं, सांगून टाकल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. नुसती त्याची जागा बदलली. आता ते लपवायचं नव्हतं, एवढंच. पण बहिणीचा तो प्रश्न झोपेतून उठवायचा. बसच्या आगारात गाड्या धुण्याचं काम मिळालं. तिथे त्यांना कोणी दादा म्हणत नसे. 'काका, ती मागची चाकं राहिली' असं म्हणत, आणि ते जाऊन मागची चाकं धूत. संध्याकाळी सहा वाजले की पाय सवयीनं उठायला बघायचे. मग ते खाटेवर बसून सात वाजेपर्यंत घड्याळाकडे बघत राहायचे. आपण जगून कोणाच्या काय उपयोगाचे, हा विचार तासन्‌तास चिकटून बसायचा. तो फारच जड झाला की ते पाळकबाईंकडे जाऊन बसायचे. त्या काही उपदेश करत नसत. गोंद आणि पुस्तकं पुढे सरकवायच्या.

एका सकाळी आगारात बसखाली आडवं पडून ते चिखल खरवडत होते. डोळ्यांत घाण पाणी गेलं, डोळे चुरचुरायला लागले, काही दिसेना. क्षणभरच. त्या क्षणात त्यांना भावोजी आठवले, आणि तोंडून आपोआप निघालं, "प्रभू, दया कर." पुढे काही नाही. ना सफाई, ना सुंदर शब्द. पण ते कोणाशी तरी बोलले होते, आणि पलीकडे कोणीतरी होतं. उत्तर आलं नाही. कडी उघडल्याचा आवाजही आला नाही. तरी ते तसेच ओल्या जमिनीवर पडून राहिले आणि पुन्हा तेच म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःसाठी मागितलं होतं. शेजारच्या धुणाऱ्यानं वाकून विचारलं, "काका, अडकलात की काय?" तेव्हा ते बाहेर आले.

त्यानंतर रोज तेवढंच मागत राहिले. त्याहून लांब प्रार्थना त्यांना येत नव्हती.

जवळजवळ पाच महिन्यांनी, एका सुट्टीच्या दुपारी, जिन्यावर काठीचा आवाज झाला. दार उघडलं तर भावोजी. शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली, कपाळावर घाम.

"एकटे आलात?"

"जिना एकटा चढलो. ती खाली उभी आहे. वर येत नाही म्हणाली." ते आत आले, काठीनं चाचपून खुर्ची शोधली. दादांचा हात पुढे झाला, पण हात लावायची हिंमत झाली नाही.

"तुम्हाला माफ केलं असं सांगायला मी आलेलो नाही," भावोजी म्हणाले. "म्हणजे तसंच काहीतरी आहे, पण ते टिकत नाही. सकाळी उठलो की म्हणतो, देवा, मी त्यांना सोडलं. मनापासून म्हणतो. मग दाढी करताना गाल कापला जातो आणि सगळा राग परत येतो. दुपारी पुन्हा म्हणतो. पाळकबाईंना विचारलं, हे असं किती दिवस चालणार? त्या म्हणाल्या, मला माहीत असतं तर सांगितलं असतं."

दादा भिंतीला टेकून उभे होते. "मला काही मागायचा हक्क नाही, भावोजी."

"नाहीच आहे. मागूही नका." भावोजींच्या तोंडावर अगदी पुसटसं हसू आलं आणि गेलं. "पण मी आता जेवतो. हे तुम्हाला कळावं असं वाटलं. रात्री प्रार्थनेत त्या जागी आता तुमचं नाव घेतो. पहिल्यांदा घेतलं तेव्हा शिव्याच आल्या तोंडात. देवासमोरच दिल्या. त्यानं ऐकून घेतल्या असाव्यात."

दादा खाली बसले, तिथेच, जमिनीवर. त्यांना रडू आवरेना. भावोजी समजूत घालायला उठले नाहीत आणि निघूनही गेले नाहीत. दादांचं रडणं संपेपर्यंत काठीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "ती उन्हात उभी आहे. पाठ धरते तिची. तिला पाणी तरी नेऊन द्या."

दादांनी पेला विसळून भरला आणि जिना उतरले. बहीण फाटकाच्या भिंतीला टेकून उभी होती. कानामागचे केस पांढरे झाले होते. हे त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं. पाणी बघून तिनं आधी मान फिरवली. दादा पेला धरून उभे राहिले. रस्त्यावरून एक सायकल गेली, मग दुसरी. बऱ्याच वेळानं तिनं हात पुढे केला, पेला घेतला आणि एका दमात पाणी प्यायली.

"मला अजून जमत नाहीये," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "जमेल असंही सांगत नाही."

"बरं," दादा म्हणाले.

"त्यांना उतरताना धर. त्या जिन्याला कठडा नाहीये."

दादा वळले आणि जिना चढायला लागले.